कुलूप लावल्यानंतर

कुलूप लावून झालं की ती दारावर दोनदा टकटक करायची. मग कान दाराजवळ नेऊन उभी राहायची. आतून काही ऐकू आलं नाही की म्हणायची, "कुणी नाही. चलो."

आधी कुलूप आणि मग टकटक. त्या व्हरांड्यात तुम्ही उभे असता तर तुम्हीही हसला असता. विद्यार्थी हसायचे. विभागातला शिपाई तर तिच्या देखत नक्कल करायचा. ती त्याच्यावर रागवायची नाही. म्हणायची, "हस, हस. पण एखाद्या दिवशी आतून उत्तर आलं तर?"

दिल्लीतल्या एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र विभागाचं ग्रंथालय ती सांभाळत होती. विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय वेगळं. हे विभागापुरतं, दोन खोल्यांचं. देशातल्या जवळजवळ सगळ्या राज्यांची शाळेची पाठ्यपुस्तकं तिथे होती. बुद्धिमापन चाचण्यांचे संच होते, अपूर्णांक शिकवायच्या लाकडी चकत्या होत्या, बी.एड.च्या मुलांच्या पाठाच्या फायली होत्या. आतल्या खोलीत प्रबंध. मी एका मराठी दैनिकाच्या दिल्ली कार्यालयात शिक्षणाच्या बातम्या करते. पाठ्यपुस्तकातला एखादा धडा गाळला किंवा घातला की दिल्लीत गदारोळ होतो, आणि मग जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून पाहावं लागतं. त्यासाठी मी पहिल्यांदा तिथे गेले. आमचं बोलणं हिंदीतून चाललं होतं. मधेच कार्यालयाचा फोन आला, मी मराठीत दोन वाक्यं बोलले, आणि ती खुर्चीतून अर्धवट उठली.

"मराठी? अरे बाप्पा! आधी नाही का सांगायचं!"

मग डबा उघडला. ती यवतमाळकडची. आईला घेऊन द्वारकेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. नातेवाइकांचा फोन आला की "जय भीम" म्हणून सुरुवात मोठ्यानं व्हायची आणि मग आपण ग्रंथालयात आहोत हे आठवून आवाज एकदम खाली यायचा. मी तिला ताई म्हणू लागले. ती मला "अगं पेपरवाली" म्हणायची.

ताई भित्री होती. हे मी सौम्य करून सांगत नाही, कारण तीही कधी सौम्य करून सांगायची नाही. "मला भीती वाटते हं," हे तिचं वाक्य दुसरं कुणी "नमस्कार" म्हणतं तसं यायचं. टेबलावरचा फोन वाजला की ती आधी हात साडीला पुसायची, मग उचलायची. शिपायानं "सर बुला रहे हैं" म्हटलं की तिच्या चेहऱ्याचा रंग जायचा. सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांना बहुतेक वेळा एखादं मासिक हवं असायचं. पाठ्यपुस्तकांवरून माझी बातमी आली की लगेच फोन. "माझं नाव नाही ना टाकलंस? नाव नको हं टाकू कधी."

म्हणून इथेही नाव नाही.

तिच्या टेबलाच्या खणात तिचं स्वतःचं काही नसायचं. चहाचा कप, शाल, गोळ्यांची पट्टी, चष्म्याचं घर, सगळं पायाजवळच्या कापडी पिशवीत. संध्याकाळी पिशवी घरी, सकाळी पुन्हा पिशवी. कप तरी इथे ठेव, असं मी एकदा म्हटलं.

"कधीही जा म्हणतील. तेव्हा लोकांसमोर आवराआवर करत बसायचं का?"

ती कंत्राटी होती. केसांत पांढरं येईतो कंत्राटी. दर वर्षी मुदतवाढीचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर जायचा आणि तिथून सही होऊन परत येईपर्यंत ताईची झोप उडालेली असायची. जेवण कमी व्हायचं. सही झाली की ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना ती शेवचिवडा वाटायची, कारण न सांगता.

टकटकीचं कारण तिनं एकदाच सांगितलं. तिची पहिली नोकरी विदर्भातल्या एका कॉलेजात. एक मुलगी कपाटांच्या मागे वाचत बसली होती. कारकुनानं पाहिलं नाही, कुलूप लावलं. मुलगी सकाळी सापडली.

"काही झालं नव्हतं तिला," ताई म्हणाली. "पण ती परत ग्रंथालयात आली नाही. कधीच."

आता त्या प्रबंधाचं.

आतल्या खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर, लाल रेक्झिनच्या बांधणीचा एक मराठी लघुप्रबंध होता. विदर्भातल्या एका शिक्षिकेनं एम.एड.साठी लिहिलेला, टाइपरायटरवर टाइप केलेला. विद्यापीठं एकमेकांना प्रबंध पाठवायची त्या काळात तो दिल्लीला आला असणार. खेड्यातली मुलं शाळेत का येत नाहीत, हा विषय. तिथे मराठी वाचणारं ताईशिवाय कुणी नव्हतं. ती तो मधल्या सुट्टीत वाचायची, माहेरचं पत्र वाचावं तसा. मलाही वाचून दाखवायची. त्यात एक पान तिचं आवडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शाळा उघडी असून वर्ग रिकामे. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरताहेत. वर्गात एकच मुलगी. शिक्षिका विचारते, तू कशी आलीस? मुलगी सांगते, "माझ्याकडे बैल नाही, म्हणून शाळेत आले."

हे वाचलं की ताई पान मिटायची. "आमच्याकडे पण नव्हता," म्हणायची आणि डब्याकडे वळायची.

एक दिवस एका संशोधक विद्यार्थ्यानं तो प्रबंध मागितला. तो विभागप्रमुखांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. मराठी येत नव्हतं, पण मोबाइलवर पानाचा फोटो काढला की भाषांतर समोर येतं, असं त्यानं दाखवलं. ताईला इतका आनंद झाला की तिनं त्याला खिडकीजवळची जागा दिली आणि चहा मागवला. "इतक्या वर्षांनी कुणी उघडलं गं तिला," असं मला फोनवर म्हणाली. तिला म्हणजे प्रबंधाला की शिक्षिकेला, ते मी विचारलं नाही.

पुढे त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रबंध तयार झाला, हिंदीत. असा प्रबंध दाखल होण्याआधी तो सॉफ्टवेअरमधून जातो. आधी छापलेल्या किंवा ऑनलाइन असलेल्या मजकुराशी तो किती जुळतो, हे यंत्र सांगतं. त्या अहवालाखाली ग्रंथपालाची सही लागते. त्या विभागात ते काम ताईकडे होतं. अहवाल स्वच्छ आला. टाइपरायटरवरचा मराठी मजकूर कुठेच ऑनलाइन नव्हता. यंत्राला तो माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सही करण्याआधी ताई प्रत चाळायची. नियमात नव्हतं, तिची सवय होती. हा अभ्यास गुरुग्रामच्या पलीकडच्या गावांतला, असं पहिल्या प्रकरणात लिहिलेलं होतं. तिसऱ्या प्रकरणात त्या गावांतल्या शाळा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ओस पडल्या होत्या. हरियाणात. मुलं लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरत होती. वर्गात एकच मुलगी होती. "मेरे पास बैल नहीं है, इसलिए स्कूल आई."

गावांची नावं त्यानं बदलली होती. तान्हा पोळा तिकडे नसतो हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या मार्गदर्शकांनाही नव्हतं. किंवा त्यांनी तिथवर वाचलं नव्हतं.

तिनं मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही प्रती उघड्या होत्या. पानं मी उलटली. पानामागून पान तेच होतं.

"तू छापू नको हं."

"नाही छापत. तुम्ही काय करणार?"

"सॉफ्टवेअरनं पास केलंय. सही केली तर मला कुणी धरणार नाही."

"मग?"

"मीच काढून दिलं गं त्याला. चहासुद्धा पाजला." तिनं पिशवी आणखी जवळ ओढली. "माझा मुदतवाढीचा कागद सरांच्याच टेबलावर आहे. आईचं वय बघ. मला फार भीती वाटते."

ती लाल बांधणीवरून हात फिरवत राहिली. मग इतकी हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"पण त्या बाईला आत ठेवून मी कुलूप कसं लावू?"

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिनं मला बसवलं. "तू नुसती बस. बोलायचं नाही. मी पडले-बिडले तर रिक्षा बघ." हे ती विनोदानं म्हणाली नव्हती. तिनं दारावर दोनदा टकटक केली. आवाज इतका बारीक की आत कुणाला ऐकू गेला नाही. तिला पुन्हा करावी लागली. दार पूर्ण लागलं नाही. पुढचं मी बाकावरून ऐकलं.

सर चढ्या आवाजात बोलणारे नव्हते. तेच जास्त भीतिदायक होतं.

"मैडम, सॉफ्टवेयर ने पास कर दिया है. आपको क्या तकलीफ़ है?"

"सर, मुझे डर लगता है."

"किससे?"

"आपसे, सर."

खुर्ची करकरली. "तो साइन कर दीजिए. डर ख़त्म."

"नहीं होगा, सर. साइन करूँगी तो और लगेगा."

मग लाकडी बैलांची गोष्ट. ती तिनं घाबरट माणूस सांगतो तशी सांगितली: मधूनच, पुन्हा मागे जाऊन, माफी मागत. सर मधे बोलले नाहीत. तिचं संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, तिचा मुदतवाढीचा कागद यंदा कुठपर्यंत आलाय. ती म्हणाली, "आपकी टेबल पर है, सर." ते म्हणाले, हो, इथेच आहे. मग म्हणाले, तो मराठी प्रबंध त्यांच्याकडे आणून द्यावा. त्यांनाही बघायचाय.

जगात त्याची तेवढी एकच प्रत असावी. मी बाकावरून उठले आणि पुन्हा बसले.

"ला देती हूँ, सर," ताई म्हणाली. "लेकिन कल शाम को स्कैन करके ऑनलाइन चढ़ा दिया है. पूरा. उन मैडम के नाम से."

आत खुर्ची पुन्हा करकरली.

भित्र्या माणसाची एक सवय असते: तो प्रत काढून ठेवतो. ग्रंथालयातले जुने प्रबंध स्कॅन करून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवणं हे तिच्या कामातच होतं. त्या दिवशी तिनं फक्त क्रम बदलला होता. सगळ्यात खालच्या फळीवरचं आधी घेतलं.

बाहेर आली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. "पाय आहेत का बघ माझे," म्हणाली. मी खाली पाहिलं. आहेत म्हणून सांगितलं. जिन्याजवळ ती खाली बसली आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली.

विद्यार्थ्याचा प्रबंध "सुधारणेसाठी" परत गेला. कुणी काही जाहीर केलं नाही. मुदतवाढीचा कागद परत आला नाही. पदांची फेररचना आहे, असं तिला तोंडी सांगितलं. नोकरीच्या उरलेल्या दिवसांत तिची भीती कमी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. ती वाढली. द्वारकेत घराची बेल वाजली की ती आईला दार उघडू द्यायची नाही. अनोळखी नंबर आला की मला फोन: "बघ ना कुणाचा आहे." अशा एका फोनवर मी विचारलं, पश्चात्ताप होतो का?

"तो नाही होत. भीती वाटते फक्त," ती म्हणाली. "दोन्ही वेगळं आहे यार."

शेवटच्या संध्याकाळी मी गेले होते. वाटलं होतं, सामान उचलायला मदत लागेल. पण आवरायला काही नव्हतंच. खण रिकामे, पिशवी पायाजवळ भरलेली. लाल प्रबंध तिनं बाहेरच्या खोलीत मांडला होता, दारातून आत आलं की समोर दिसेल असा. चाचण्यांचे संच शिपायाला मोजून दिले, दिवे मालवले, कुलूप लावलं.

किल्ली घ्यायला शिपाई हात पुढे करून उभा होता. तिनं दिली नाही. दारावर दोनदा टकटक केली. कान दाराजवळ नेला.

शिपाई हसला नाही. तोही थांबला.

आम्ही तिघं त्या बंद दारासमोर उभे होतो. खालच्या मजल्यावर कुणी तरी खुर्च्या सरकवत होतं. तो आवाज थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. चलो म्हणाली नाही.