नाव कुठं बांधायची?

आमच्या जुन्या ऑफिसातली दोन माणसं जरी भेटली, तरी चहाच्या आधी किस्से येतात. यमुनेच्या धक्क्याच्या कामाची ड्रॉइंगं वाळवीनं खाल्ली, फायली कुठं गेल्या देव जाणे, पण किस्से मात्र वाढतच चाललेत. प्रत्येक जण सांगताना थोडं तिखटमीठ लावतो ना! मी नाही लावत. म्हणजे, फारसं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. दिल्लीत तेव्हा रोज काहीतरी नवीन उघडत होतं. नव्या गाड्या, नवे चॅनल, यमुनेपलीकडे नव्या सोसायट्या. अशात एका सरकारी कमिटीच्या मनात आलं की यमुनेवरचा जुना धक्का नव्यानं बांधायचा. एके काळी तिथं खरबुजांच्या आणि लाकडाच्या नावा लागायच्या. आम्ही पाहिला तेव्हा नुसतं रान आणि एक पडकं गोदाम. 'शहराला पुन्हा नदीशी जोडायचं' हे कमिटीचं आवडतं वाक्य.

काम मिळालं आमच्या पेंडसे सरांच्या ऑफिसला. सर मूळचे पुण्याचे, तीस वर्षं दिल्लीत. कडक इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यालाही तशीच इस्त्री. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. 'मंजूर ड्रॉइंग' हे दोन शब्द उच्चारताना मात्र त्यांचा आवाज देवघरात गेल्यासारखा हळू व्हायचा. मी तिथली सगळ्यात नवी आर्किटेक्ट, मेधा. राहायला यमुनेपलीकडे मयूर विहारला, म्हणजे रोज दोनदा नदी ओलांडणार, बसमधून, नाकाला रुमाल लावून!

*

पहिलं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याच सोसायटीत दारोदार फिरून प्रश्नावली भरून घ्यायची. पहिला प्रश्न, 'आप नदी पर आखिरी बार कब गए?'

तिसऱ्या मजल्यावरच्या खन्ना आंटी म्हणाल्या, "हम तो रोज़ जाते हैं जी!"

मला इतका आनंद झाला! वाटलं, चला, एक तरी घर निघालं. मी पेन सरसावून विचारलं, "रोज़? किस तरफ़ से, आंटी?"

"ऊपर से. पुल से."

*

मग ड्रॉइंगं. त्या काळी कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि त्याला सरांनी एसी केबिनमध्ये झाकून ठेवलं होतं. आमच्याकडे परदेशातून मागवलेले कागद असायचे. कागद वाटेल तिथं ठेवून वरून घासला की त्याच्यावर छापलेली माणसं, झाडं, पक्षी ड्रॉइंगवर उतरायची. भारीच सोय! मी दोन दिवस बसून आख्खा धक्का माणसांनी भरून टाकला.

कमिटीच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "पेंडसे जी, जून के महीने में इतने लोग ओवरकोट पहनके क्यों घूम रहे हैं?"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक माणसाच्या अंगात लांब कोट, अर्ध्या लोकांच्या हातात छत्री, एकीच्या साखळीला झुपकेदार कुत्रा! माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सर शांतपणे म्हणाले, "टूरिज़्म, सर."

अध्यक्ष खूश झाले आणि पुढचं पान उलटलं.

*

मॉडेल बनवलं करोल बागेत. तिथल्या कारागिरानं नदीसाठी शक्कल लढवली. बाजूच्याच दुकानातून गाड्यांच्या काचांना लावतात ती निळी फिल्म आणली आणि लांब पुठ्ठ्यावर ताणून बसवली. काय चकाकत होती! खऱ्या यमुनेनं पाहिली असती तर लाजली असती.

मॉडेल मोठं, म्हणून नदी वेगळी ठेवून दोन रिक्षा केल्या. एका रिक्षात मी आणि धक्का. दुसरीत साइट इंजिनीअर त्यागी जी आणि नदी. त्यागी जी अगदी भला माणूस, पण त्यांना वाटेत छोले-कुलचे दिसले की संपलं. ते खायला उतरले आणि रिक्षावाला नदी घेऊन निघून गेला!

मीटिंगमध्ये धक्का मांडला. समोर टेबलाचा उघडा सनमायका. मी घामाघूम. सर म्हणाले, "सर, नदी बाद में आएगी."

अध्यक्ष म्हणाले, "कोई बात नहीं. पहले पार्किंग दिखाइए."

दीड तास मीटिंग चालली. पार्किंग, कारंजं, फूड स्टॉल, दिवे. डिझाइन मंजूर झालं. नदीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही!

*

तेच मॉडेल मग साइट ऑफिसमध्ये ठेवलं. ते बघायला एक दिवस रामसरन चाचा आले. चाचा म्हणजे त्या धक्क्यावरचे शेवटचे नाववाले. त्यांच्या वडिलांचीही नाव तिथंच असायची. पलीकडच्या भाजीवाल्यांना ते रोज सकाळी अलीकडे आणायचे. त्यांची नाव बांधायला पूर्वीचा एक लोखंडी खुंटा होता. पाडापाडी करताना ठेकेदारानं तो उपटून भंगारात घातला होता.

चाचा मॉडेलभोवती सावकाश एक फेरी मारून आले. झाडांना बोट लावून पाहिलं, कारंज्याचं कौतुक केलं. मग मला विचारलं, "बिटिया, बहुत सुंदर है. नाव कहाँ बाँधेंगे?"

मी मॉडेलकडे पाहिलं. त्यागी जींनी मॉडेलकडे पाहिलं. गाड्यांना जागा होती, स्कूटरला जागा होती, आइसक्रीमच्या ढकलगाडीलाही जागा होती. नदीचा धक्का बांधत होतो आम्ही, आणि नाव बांधायला कुठं जागाच नव्हती!

"एक खूँटा चाहिए बस," चाचा म्हणाले. "नहीं तो मैं बेच दूँगा. बहते पानी में कब तक पकड़े बैठूँगा?"

मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, "मेधा, मंजूर ड्रॉइंगमध्ये नाही."

"पण सर, एक खुंटा! मी आत्ता पेन्सिलनं काढते."

"मंजूर ड्रॉइंगवर पेन्सिल?" त्यांनी असं पाहिलं जसं काही मी सत्यनारायणाच्या पूजेत चपला घालून आले होते.

मला फार राग आला. त्या दिवशी डबासुद्धा खाल्ला नाही.

*

तोवर चाचा नाव मिळेल त्याला बांधत होते. एक दिवस त्यांनी ती आमच्या नव्या बोर्डाला बांधली. बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'नदी आपकी है'. दुपारी वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं, नावेनं ओढ घेतली आणि खांबासकट बोर्ड उखडून निघाला.

त्यागी जी ओरडत आले, "चाचा! बोर्ड कहाँ गया?"

चाचा नावेमागे धावतच होते. न थांबता म्हणाले, "जिसका है उसी के पास गया!"

नाव पुढच्या वळणावर गाळात सापडली. बोर्ड मिळाला नाही.

*

शेवटी सरांना न सांगता मी कमिटीकडे फाइल पाठवली. विषय, धक्क्यावर एक खुंटा बसवण्याबाबत. सोबत मापासहित ड्रॉइंग, चाचांचा अंगठा आणि भाजीवाल्यांच्या सह्या. फाइल पाच टेबलं फिरली. मी दर सोमवारी विचारायला जायची. शिपाई मला दुरून बघूनच मान हलवायचा.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'नाव वाहन की श्रेणी में आती है. कृपया पार्किंग में खड़ी की जाए.'

मी ते चाचांना वाचून दाखवलं. वाटलं, चिडतील. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "चल, ग्राहक ढूँढते हैं." मला मात्र रडू आलं, अगदी त्यागी जींच्या समोर. सर दारात उभे होते. कधी आले होते कोण जाणे. आले तसेच निघून गेले.

*

आज त्या धक्क्यावर सहा खुंटे आहेत, एकाशेजारी एक असे रांगेत. फाइल केली होती एकाची! ते कसे मंजूर झाले, तो किस्सा उद्घाटनाच्या दिवसाचा.

पावसाळा नुकताच संपलेला, नदी पायऱ्यांपर्यंत भरलेली. प्रमुख पाहुण्यांनी नावेतून यायचं असं ठरलं, फोटो छान येतात म्हणून. नाव अर्थात चाचांची. गिऱ्हाईक ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी ती विकायची होती.

नाव झेंडूनं सजून पायऱ्यांपाशी आली. पाण्याला ओढ होती. चाचांनी दोर हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं. सगळीकडे गुळगुळीत दगड. दिवे पार वर, दोर पुरणार नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर स्वागताला आमचे सर. नवा बंद गळ्याचा कोट, काखेत मंजूर ड्रॉइंगची गुंडाळी.

"साहब, पकड़िए!" चाचांनी दोर टाकला. "छोड़ना मत, मेहमान अभी उतरे नहीं हैं!"

सरांनी दोन्ही हातांनी दोर पकडला. गुंडाळी काखेतून सुटली, पायरीवरून घरंगळली आणि पाण्यात गेली. सरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाहुणे उतरले. चाचांना शाल द्यायची होती म्हणून त्यांनाही हाताला धरून स्टेजवर नेलं. भाषणं सुरू झाली. शहर नदीशी जोडलं गेलं असं चौघांनी चार वेळा सांगितलं. खाली सर पाय रोवून उभे. रिकामी नाव ओढ घेतेय, बूट भिजलेत, कपाळावरून घाम वाहतोय.

मी खाली उतरले. "सर, द्या, मी धरते."

"नको," सर म्हणाले. "इथंच बरा आहे."

त्यागी जी वरून मोठा दगड घेऊन आले, त्याला बांधू म्हणाले. सरांनी नुसत्या नजरेनं त्यांना परत पाठवलं.

चाळीस मिनिटांनी भाषणं संपली. पाहुणे परत नावेत बसायला खाली आले. मागे अध्यक्ष, सगळी कमिटी आणि फोटोग्राफर. भिजलेल्या बुटांतल्या, हाताला दोर गुंडाळलेल्या माणसाकडे पाहून पाहुणे थबकले.

"आप?" त्यांनी विचारलं. "इस प्रोजेक्ट में आपका क्या काम है?"

सरांनी दोर न सोडता मान लववली.

"जी, सुबह तक आर्किटेक्ट था," ते म्हणाले. "अब खूँटा हूँ."