रिकामा दोर

“भरल्याशिवाय ओढणार नाही.” विहिरी खणणारा मिस्त्री हे वाक्य इतक्यांदा बोलला होता, की त्याच्या टोळीतली माणसं जेवताना पोटावर हात ठेवून तेच म्हणत.

विहिरीच्या तळाशी टोपली भरली की खणणारा दोराला दोन हिसके द्यायचा आणि वरचे ओढायचे. उन्हं तापली की खालची माणसं रिकाम्या टोपलीलाच हिसके देत, वर येऊन सावलीत टेकायला. मिस्त्री दोर हातात धरून असे, पण ओढत नसे. टोपली हलकी लागली की तो काठावरून वाकून विचारायचा, “खाली काय सासर आहे, करमेना व्हायला?”

परक्यांच्या राजवटीविरुद्ध लढाई पेटली, तेव्हा गावाने त्यालाच म्होरक्या केलं. शिकलेली माणसं होती, गोड बोलणारीही होती. पण दिला शब्द हा फिरवत नाही, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. लढाईत असा माणूस फार हवासा वाटतो.

बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या खोलीत त्याने खोल खड्डा घेतला आणि तळापासून रस्त्याखालून भुयार काढलं, समोरच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत. डोक्यावर पहारेकऱ्यांचे बूट वाजत. हाक मारायला बंदी होती. काय सांगायचं ते दोरानेच.

त्या दिवशी खाली उतरायची पाळी त्याच्या जावयाची होती. मुलगी सकाळीच येऊन म्हणाली, “बाबा, हे रात्रभर खोकत होते. आज दुसऱ्या कुणाला उतरवा.”

“माझा जावई वर बसवला तर दुसऱ्याच्या पोराला कोणत्या तोंडाने उतरवू?”

“तोंडाचं काय घेऊन बसलात? माणूस जाईल माझा.”

जावई हसला. “जाऊ दे गं. मामा कुणालाच सोडत नाहीत. निदान सासरा म्हणून दोर तरी धरतील.”

दुपारी दोराला दोन हिसके बसले. मिस्त्रीसोबत दोर धरायला खोगीर शिवणारा शेजारी होता. तो पुटपुटला, “हलका लागतोय.”

“म्हणूनच नाही ओढायचा.”

पुन्हा हिसके आले. मग येतच राहिले, धड दोन नाहीत, कसेही. खोगीरवाला खड्ड्यात वाकला. “मिस्त्री, काहीतरी झालंय खाली.”

“तिसऱ्या टोपलीलाच याची कंबर मोडते. मला काय हा नवा आहे?”

दोर थांबला. मिस्त्री समाधानाने म्हणाला, “बघ, लागला कामाला.”

बऱ्याच वेळाने त्याने स्वतःहून दोर ओढून पाहिला. जड लागला. दोघांनी मिळून खेचला. आधी वर आला तो हात, मनगटाला दोराचा वेढा घातलेला. मग जावयाचं निळं पडलेलं तोंड. खालची हवा कुजली होती.

मिस्त्रीने मनगटाचा वेढा स्वतः सोडवला. देह भिंतीशी निजवला, त्यावर गोणपाट घातलं. लोहाराचा भाता आणवून खाली हवा सोडायला लावली. मग दाराशी उभ्या माणसांकडे वळला.

“पुढचा कोण?”

एकही जण मागे सरला नाही. गोणपाटाखाली कोण आहे हे बघितल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती होणार होती? भुयार पोहोचलं. कोठार उडालं, परक्यांची फौज गाव सोडून गेली. लोकांनी मिस्त्रीला खांद्यावर घेतलं. तो खांद्यांवरून उतरला आणि मुलीच्या दाराशी गेला.

तिने पाणीही विचारलं नाही. “दोर किती वेळा हलला?”

“पुष्कळदा.”

“आणि तुमचा हात दोरावरच होता?”

“होता.”

“काय वाटलं तुम्हाला?”

खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. “कामचुकारपणा करतोय, असं वाटलं.”

“गावाचे तुम्ही कोण असाल ते असा. या उंबऱ्याला पाय लावू नका.”

मिस्त्रीने मान हलवली आणि रस्त्याला लागला. कोपऱ्यावर त्याची माणसं वाट बघत होती, पुढच्या गावावर चालून जायचं होतं. ती ताठ उभी राहिली. तो त्यांच्या पुढे होऊन चालू लागला, रोजच्यासारखा, घाई न करता. खोगीरवाला आपल्या दुकानातून सुई हातात तशीच धरून बघत राहिला. मुलगी दारात उभी होती. बाप वळून बघतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

तो वळला नाही.