सतराव्या मजल्यावरून हात

फाइली निकाली निघतात, किस्से मात्र साठतच जातात. बैठ्या कौलारू कचेरीतून आमची आवक-जावक शाखा चिखलोलीजवळच्या नव्या सरकारी टॉवरमध्ये थेट सतराव्या मजल्यावर गेली. खरं सांगू? तिथं आम्ही काम कमी केलं आणि तरंगलोच जास्त!

हेडक्लार्क कदम मॅडमनी जुने पेपरवेट पिशवीत घालून स्वतः वर आणले. येऊन बघतो तर पंखेच नाहीत, सगळीकडे एसी. खिडक्याही उघडत नाहीत, कागद जागचा हलेना.

"मॅडम, आता हे कशाला?" मी विचारलं.

"असू देत हो. एवढ्या उंचावर मलाच धरून बसायला काहीतरी हवं!"

*

एकदा श्रावणात ढग खिडकीला येऊन टेकला. सगळं पांढरं, खाली गावच नाही. तेवढ्यात उल्हासनगरचे एक सिंधी व्यापारी अर्ज घेऊन आले. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "साहब कहाँ बैठते हैं?"

"वरच्या मजल्यावर."

त्यांनी ढगाकडे पाहिलं. "अरे साईं, इसके भी ऊपर?"

*

आमचे शिपाई पाटील काका चिखलोलीचेच. मुलगी सासरी गेल्यापासून काकू अंथरूण सोडायला तयार नव्हत्या. काकांनी घरी सांगून टाकलं, "हापिसातून आपली गच्ची दिसते. दुपारी एकला वर ये, मी हात करतो."

काकू हिरवी साडी नेसून रोज एकला गच्चीवर जाऊ लागल्या. शेजारणी भेटू लागल्या, जेवण जाऊ लागलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. "काका, आपली खिडकी तर उल्हासनगरच्या बाजूला! चिखलोली मागे, जिन्याकडे."

"मना म्हाईत हाय. तिला नका सांगू. परत झोपंल ती."

त्या दिवसापासून सगळी शाखा एकला जेवताना खिडकीकडे बघून हात करायची. हसू नका, खरंच करायचो!

*

काकांच्या निरोप समारंभाला काकू आल्या, हिरव्या साडीत. काकांचा चेहरा उतरला. मॅडमनी "ऊन येतंय" म्हणत झटकन पडदे ओढले.

नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. घड्याळात एक वाजला. काकू उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी पडदा सारला. समोर दूरवर उल्हासनगर पसरलेलं. या मुलखात जन्मलेली बाई ती, तिला दिशा काय कळत नसतील? काका बुटांकडे बघत उभे.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हात वर केला आणि सावकाश हलवला.

मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, कोण आहे हो तिथं?"

"मीच! एक वाजला ना? आले असंन गच्चीवर."