शेजारच्या सीटवरचं वजन

निवृत्त झाल्यावर नवऱ्याने सुटे भाग आणून अंगणात तीनचाकी मोटार जोडली. तिची पुढची दोन चाकं सरळ रेषेत जुळवताना चाचणीच्या प्रत्येक फेरीला शेजारी मीच बसायचे. काल ती एकदाची नाकासमोर चालली. आज तो एकटाच दूध आणायला गेला आणि वैतागून परतला.

"अगं, पुन्हा उजवीकडे ओढतेय!"

मी शेजारी बसले, तर गाडी सरळ. उतरले, की तिरकी. ती माझ्या वजनासकट जुळली होती.

पाना हातात घेऊन त्याने विचारलं, "आता तुला धरून जुळवू, की सोडून?"

प्रश्न साधाच, पण मी गोंधळले. इतक्या वर्षांत मीही त्याच्यासकटच जुळले असणार. तो शेजारी नसला, तर मी कुठल्या बाजूला ओढली जाईन?

"थांब जरा," मी म्हणाले आणि, का कोण जाणे, पुन्हा गाडीत जाऊन बसले.