खोक्याखालचं झाड

नर्सरीत झाडांपेक्षा किस्सेच जोमाने वाढतात, आणि त्यांना खतही लागत नाही. हातखंब्याला हायवेलगत आमची छोटी नर्सरी आहे. डिसेंबर आला की आमचे सगळे किस्से पॉइन्सेटियाचे. नाताळात लाल होणारं ते कुंडीतलं झाड!

पहिल्याच वर्षी एक बागायतदार काका पाच कुंड्या घेऊन गेले आणि आठवड्याने परत आले. सगळी पानं गळलेली, मुळं कुजलेली. पाणी किती घालता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सुपारीला घालतो तेवढंच!"

एक वहिनी रोज सकाळी त्याची लाल फुलं खुडून देवाला वाहायच्या. आठ दिवसांत झाडाचं टक्कल! ती फुलं नाहीत, पानं आहेत, असं आम्ही सांगितलं. त्या जराही गडबडल्या नाहीत. "मग बेलाचं तरी काय वाहतो आपण?"

झाडं बघतात आमच्या सुमनताई. लाल रंग यायला या झाडाला लांबलचक काळोख लागतो. म्हणून त्या ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी कुंड्यांवर आंब्याचे रिकामे खोके पालथे घालतात आणि सकाळी काढतात. एकदा ते खोके बघून मुंबईची एक गाडी करकचून थांबली. हापूस एवढ्यात आला का, म्हणून आतली मंडळी विचारू लागली. सुमनताईंनी एक खोका उचलून आत बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "अजून हिरवा आहे."

पण मला सगळ्यात आवडतो तो आप्पांचा किस्सा. आप्पा निवृत्त मास्तर. त्यांच्या बायकोला, माईंना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हात हलवत राहा, असं डॉक्टर बजावून सांगत होते, पण माईंनी उमेदच सोडली होती. डोळ्यांसमोर काहीतरी लाल होताना दिसलं तर बरं वाटेल, म्हणून आप्पांनी एक हिरवं झाड नेलं. सुमनताईंनी वर खोकाही दिला.

तीन आठवड्यांनी आप्पा आले. झाड हिरवं ते हिरवंच. त्यांचा चेहरा उतरलेला. सुमनताईंनी बदली द्यायला लालभडक कुंडी काढलीसुद्धा. मग सहज विचारलं, खोका रोज घालता ना?

"घालतो गो. पण माईला जाग आली की दिवा लावते नि खोका उचलून बघते, लाल झालंय काय म्हणून. रात्रीत चारदा! कितीदा सांगितलं, ऐकत नाय."

"कुठल्या हाताने उचलतात?"

"उजव्या. झाड त्याच बाजूला ठेवलंय ना."

सुमनताईंनी ती लाल कुंडी उचलली आणि परत मागच्या रांगेत ठेवून दिली.