बुऱ्हानपूरचा अर्धा वाघ

नाशिक रोडहून निघताना माझ्या मांडीवर वाघाचं डोकं होतं. कागदाच्या लगद्याचं, पण चांगलं दणकट, मिशांसकट. शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी मुखवटे करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे गाडीत असलं सामान कसं जपायचं हे मला कुणी शिकवायला नको. तरी भुसावळला चढलेल्या एका गृहस्थांनी बॅग सरकवताना वाघाचा डावा कान चेमटवलाच. वर मलाच म्हणतात, जिवंत थोडाच आहे, काय होतंय? मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. रावेर गेलं तरी ते खिडकीबाहेरच बघत बसले होते.

खिडकीबाहेर बघण्यासारखं होतंही. रुळाच्या दोन्ही अंगांना केळी, केळी आणि केळीच. घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेल्या. महाराष्ट्र कधी संपला आणि मध्य प्रदेश कधी लागला, हे त्या बागांवरून सांगता येणार नाही. स्टेशनांच्या पाट्या वाचाल तरच कळेल.

बुऱ्हानपूरला भाऊजी न्यायला आले होते. भाऊजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे, उषाताईचे यजमान. जळगावहून इकडच्या कागद कारखान्यात नोकरीला आले, निवृत्त झाल्यावर गावात लालबागेकडे घर बांधलं आणि इथलेच झाले. रिक्षात त्यांनी वाघाकडे पाहिलं आणि नुसतं हं केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी ताईने शेवभाजी केली होती आणि बाजारातून मांडे आणले होते. इथले मांडे म्हणजे आपले पुरणाचे नव्हेत. उपरण्यासारखी पातळ, मऊ पोळी, उपड्या कढईवर भाजलेली. घडी घालून ताटात वाढतात आणि रश्श्यात बुडवून खातात. मी दुसरा मांडा संपवल्यावर ताई म्हणाली, "आता ऐक. वाघ गेला."

प्रकरण असं होतं. ताईच्या मोहल्ल्यात प्रजासत्ताक दिनाला फेरी निघते. यंदा समितीने ठरवलं की प्रत्येक प्रांताच्या लोकांनी आपलं जनावर निवडायचं आणि त्याची झांकी (देखावा) काढायची. गुजरात्यांनी सिंह घेतला, मारवाड्यांनी उंट, केरळच्या लोकांनी हत्ती. ताई मराठी महिला मंडळाची प्रमुख. तिने वाघ मागितला आणि मला फोन केला. मी इकडे लगदा भिजवतेय, तोवर तिकडे बंगाल्यांनी वाघावर हक्क सांगितला आणि समितीने तो देऊनही टाकला. मला न कळवण्याचं कारण काय, तर मी येणार नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. सगळे त्यांना भाईसाहब म्हणतात. माणूस गोड बोलणारा. चहा झाला, माव्याची जिलबी झाली. (ही काळी, जाडजूड जिलबी खाण्यासाठी तरी बुऱ्हानपूरला जाच.) मग ते म्हणाले की महाराष्ट्राचं सरकारी जनावर गिलहरी, म्हणजे खार आहे म्हणे, तीच घ्या. मी म्हटलं, खार नव्हे, शेकरू. त्यांनी हात उडवला. नाहीतर असं करा, तुम्ही तर इथलेच झालात, वेगळी झांकी कशाला हवी, मध्य प्रदेशच्या बारशिंग्याच्या मागे चाला सगळ्या.

ताईचा चेहरा बदलला. वर्षभर सगळे आम्हाला महाराष्ट्रवाले म्हणतात, तिने सुनावलं, नळाचं पाणी आलं नाही तरी महाराष्ट्रवाले, गणपतीची वर्गणी मागितली तरी महाराष्ट्रवाले, आणि जागा द्यायची वेळ आली की लगेच इथले? भाईसाहब हसले. "अरे बहनजी, आप लोग तो चमगादड़ हैं. न इधर के, न उधर के." चमगादड़ म्हणजे वटवाघूळ. तिथे बसलेली समितीची माणसंही हसली. माझं डोकं असं सणकलं की हातातली बशी आपटणारच होते.

ताई मात्र शांतपणे उठली. "ठीक आहे भाईसाब. मंग तेच लिहा आमच्या नावासमोर."

रस्त्यात मी तिला म्हटलं, अगं रागाच्या भरात काय बोलून बसलीस? तर म्हणाली, "वाघ मांगला होता, अर्धा तं भेटला. वटवाघुळात वाघ हाय का नाई?" आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसायला लागली. मला हसू येईना, पण तिची बाजू मनापासून पटली. हिणवायला दिलेलं नाव आपणच उचलून डोक्यावर घेतलं, तर हिणवणाऱ्याच्या हातात उरतं काय?

वटवाघूळ करायचं तर ते नीट बघायला हवं. भाऊजींनी मला तापीकाठी नेलं. राजघाटाच्या अलीकडे एका जुन्या झाडावर ही मंडळी लटकली होती. भरदिवसा त्यांचा कलकलाट चाललेला. तोंड अगदी कोल्ह्यासारखं, डोळे मोठे, अंगावर तांबूस लव. मी चित्रं काढत बसले. जवळच्या दापोरा गावचा एक केळीवाला शेतकरी मोटारसायकल थांबवून बघायला लागला. याचं काय काढता, तो म्हणाला, घाण करतात नुसती. मग स्वतःच सांगू लागला, संध्याकाळी बागेत येतात, केळफुलावर तुटून पडतात, इथून उडून थेट रावेरकडे चरायला जातात आणि सकाळी झोपायला परत इथं. "त्यायले कोन विचारतं, तुमी कोन्या राज्याचे?" एवढं बोलून त्याने किक मारली. भाऊजी घरी येईपर्यंत ते वाक्य घोकत होते.

मंडळात मात्र बंड झालं. शेजारच्या पाटीलकाकूंनी साफ सांगितलं, वटवाघूळ अशुभ, मी येणार नाही. ताईने त्यांना विचारलं की वाघ माणसं खातो, तो मग शुभ कसा? काकू रुसून घरी गेल्या. आम्ही कामाला लागलो. वाघाच्या डोक्यावरचे पट्टे मी खरवडले, नाक लांबवलं, चेमटलेला कान तसाच ठेवून दुसरा त्याच्या जोडीचा केला. पंखांचा प्रश्न होता. थंडीत लगदा काही वाळेना. शेवटी बायकांनी घरोघरच्या जुन्या काळ्या छत्र्या आणल्या. दांडे काढून, छत्री मधोमध कापून, प्रत्येकीच्या दोन्ही खांद्यांना एकेक पंख शिवला. काम संपत आलं तेव्हा पाटीलकाकू स्वतःची छत्री घेऊन दारात आल्या, आणि ती फाडायची नाही, नुसती बांधायची, अशी तंबी देऊन आत बसल्या.

फेरीच्या सकाळी समितीने प्रत्येक गटाला छापील पाटी दिली. गुजरात, राजस्थान, केरळ. आमच्या हातात आली महाराष्ट्र. ताईने ती पाहिली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर माझ्या रंगाच्या ब्रशने मोठ्या अक्षरांत लिहिलं: बुऱ्हानपूर.

मी म्हटलं, ताई, हे राज्याचं नाव नाही. "बाकीचे कुठून आले ते लिहितेत," ती म्हणाली, "आपन कुठं राहतो ते लिहू."

आम्ही रांगेत शिरलो. सिंह गेला, उंट गेला, बंगाल्यांचा वाघ गेला (माझा जास्त चांगला होता). मग काळ्या पंखांच्या, नऊवारी आणि पाचवारी नेसलेल्या बायका निघाल्या, पुढे डोकं घालून ताई. आधी लोक हसले. ताई हसणाऱ्यांसमोर थांबायची, दोन्ही पंख पसरायची आणि पाटी दाखवायची. लाउडस्पीकरवरचा माणूस कागदात बघून महाराष्ट्र म्हणाला. ताई जागची हलेना. मागचा हत्ती खोळंबला. त्याने पुन्हा महाराष्ट्र म्हटलं. ताई तशीच उभी. शेवटी त्याने मान वर केली, पाटी वाचली आणि माइकवर म्हणाला, "बुरहानपुर." रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. अहो, बघायला उभा असलेला अख्खा जमाव बुऱ्हानपूरचाच होता! माझ्या डोळ्यांना पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळी भाईसाहब दराब्याचा (तुपात फेटलेली इथली मऊ मिठाई) डबा घेऊन आले. पुढच्या वर्षी वाघ तुमचा, म्हणाले, बंगाली बाबूंशी बोलणं झालंय. ताईने डबा घेतला, चहा दिला आणि म्हणाली, वाघ ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना द्या, आमचं ठरलं.

परतीच्या गाडीत माझी मांडी रिकामी होती. भाऊजींनी बांधून दिलेली केळी खात मी नाशिकला आले. दारातच शेजारणींनी गाठलं. तिकडे मध्य प्रदेशात आपली मराठी माणसं कशी आहेत, बिचारी टिकून आहेत ना, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं. बिचारी हा शब्द मला भलताच झोंबला.

मी म्हटलं, आपली कसली? ती त्यांची स्वतःची आहेत.