आधी गाडी उचलली

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की ठिणगी. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पोहोचवायचे, हे तिचं काम. त्यासाठी ती धाकट्या भावाची मोटरसायकल चालवायची. त्याच गाडीवरून पडून भाऊ वारला होता. गाडीला मात्र एक ओरखडाही नव्हता, आणि तिच्या रागाचं मूळ तिथेच होतं.

भाऊ पडला तो गॅरेजसमोरच्या वळणावर. गॅरेजमधले सगळे धावले. त्यांनी गाडी उचलली, स्टँडवर लावली, पेट्रोलचा कॉक बंद केला. कुणीतरी टाकीवरची धूळही पुसली. भाऊ पालथा पडला होता. हेल्मेटची काच खाली, तोंडात रक्त. श्वास चालतोय का, हे बघायचं सुचेपर्यंत उशीर झाला होता. नंतर गॅरेजवाले काका तिला धीर द्यायला घरी आले आणि म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही गं." त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ऑइल बदलायलाही ती गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची.

प्रथमोपचार ती रागाच्या भरातच शिकली. सरावाच्या रबरी पुतळ्याची छाती ती इतकी जोरात दाबायची की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, पुतळ्याची स्प्रिंग जाईल!"

"जाऊ दे. छाती दाबायचीय, कुरवाळायची नाहीये."

एका सुट्टीच्या दिवशी तोच पुतळा मागून आणून ती गॅरेजमध्ये उभी राहिली. गाडीवरून माल पोचवणारे सगळे तिथेच जमत. पुढचा कोणी पडला तर हेच धावणार, हे तिला ठाऊक होतं. काका गल्ल्यामागून उठले नाहीत.

"ताई, ह्याचं लग्न झालंय का?" पुतळ्याकडे बघत एकाने विचारलं.

"झालंय. बायको घरी वाट बघतेय. दाब."

हशा जागच्या जागी विरला. मग शिकवणं झालं. आधी हाक मारायची. काच वर करून श्वास बघायचा. रुग्णवाहिका बोलवायची. हेल्मेट ओढायचं नाही. श्वास नसेल तरच एकाने मान धरायची, दुसऱ्याने ते अलगद काढायचं, आणि मग छातीच्या मधोमध जोराने, भराभर दाबत राहायचं. विचारलं की सगळे घडाघडा सांगत होते.

"आलं सगळं?"

"एकदम तोंडपाठ, ताई!"

तिने हेल्मेट घातलं, गाडी फाटकासमोर नेली, धाडकन आडवी पाडली आणि शेजारी डोळे मिटून पडून राहिली. पावलं धावत आली. "अरे, आरसा बघ, आरसा!" कुणीतरी ओरडलं. मग तिला स्टँडचा आवाज आला. खट्.

ती ताडकन उठून बसली.

"मेले मी! कळलं का? मेले! तुमचा आरसा शाबूत आहे, घ्या, ओवाळा त्याला!"

"सवय आहे हो ताई," एक जण पुटपुटला.

"त्याच सवयीने माझा भाऊ खाल्ला!"

तिने गाडी पुन्हा पाडली. या वेळी आरसा फुटलाच. काचा उडाल्या. ती पुन्हा पडली आणि डोळे मिटले. रागाने तिने दात आवळून धरले होते.

धावण्याचा आवाज आला नाही. जड, ओढत येणारी पावलं आली. पेट्रोल गळत होतं, त्याचा वास येत होता; त्यातच कुणीतरी गुडघे टेकले. ग्रीसने माखलेल्या दोन हातांनी तिचं हेल्मेट दोन्ही बाजूंनी स्थिर धरलं.

"पोरी, ऐकू येतंय का?" काका विचारत होते. "ऐकू येतंय का गं?"

मग मान न वळवताच ते मागे खेकसले, "चावी बंद करा फक्त! गाडी राहू द्या तशीच, मरू दे ती गाडी! काच वर करा हिची!"

काच वर झाली. तिने डोळे उघडले नाहीत. राग गेला नव्हता, तो जाणारही नव्हता. पण बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"श्वास बघा, काका. अजून बघितला नाहीत."